दोन फुटी स्क्रॅचिंग पोस्ट: पिल्लाला ठीक, बोक्याला अपुरा

म्हापसा-मडगावच्या पेट शॉपमध्ये हमखास दिसणारा, मांजराने नखं खरवडायचा खांब: 60 सेंटीमीटर उंच पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर गुंडाळलेली सिसलची (घायपाताच्या धाग्याची) दोरी, खाली एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) 30 बाय 30 सेंटीमीटरची पाटली आणि वर लोंबता चेंडू. विकतात ‘नखांना धार काढायला’ म्हणून. गोची तिथूनच सुरू होते.

मांजर धार काढत नाही. खरवडताना नखावरचं जुनं टरफल निघतं आणि आतलं टोकदार नख मोकळं होतं. खांबाच्या बुडाशी चंद्रकोरीसारखे तुकडे पडलेले दिसतात, ते हेच. शिवाय पंजांतल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो, आणि झोपेतून उठल्यावर पाठ ताणायची असते ती वेगळीच. म्हणजे बल्कावातल्या (ओसरीवरच्या) वेताच्या खुर्चीची चाळण होते ती सूड म्हणून नव्हे. खुर्ची जड असते, हलत नाही, एवढंच.

हा खांब मात्र हलतो. मोठं मांजर मागच्या पायांवर उभं राहिलं की त्याचे पंजे 75 ते 90 सेंटीमीटरपर्यंत पोचतात, त्यामुळे इथे पाठ अर्धीच ताणली जाते. त्यात चार-पाच किलोचा बोका लोंबकळला की पाटली उचलली जाते. एकदा खांब अंगावर आला की बोका पुन्हा जवळ फिरकेल याची खात्री नाही. मग ‘आमच्या मांजराला आवडतच नाही’ म्हणून खांब माळ्यावर. उपाय साधा: पाटलीखाली 45 बाय 45 चा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवूड) चार स्क्रूंनी बसवायचा आणि त्यावर चिऱ्याचा तुकडा ठेवायचा. एमडीएफ नुसतं ठेवलं तर जून-जुलैच्या ओलीत फुगतं आणि स्क्रू सुटतात.

दोरी चांगली आहे, पण पावसाळ्यात बुरशी धरते. 8 मिलिमीटरची नवी दोरी 9 सेंटीमीटर जाडीच्या नळीला 23 ते 25 मीटर लागते. सगळी एकदम बदलू नये, खालची अर्धी जुनी ठेवावी, कारण वास तिच्यात आहे. काथ्याही चालतो, फक्त कुसळं घरभर. नायलॉन नकोच, नखं अडकतात.

सोबतच्या कॅटनिपच्या (मांजरांना वेड लावणाऱ्या वनस्पतीच्या) पुडीवर फार भरवसा ठेवू नका. तिचा परिणाम आनुवंशिक असतो, साधारण एक तृतीयांश मांजरांवर तो होतच नाही. लहान पिल्लांवर तर नाहीच. झाला तरी दहा-पंधरा मिनिटं. कुंपणाकडेला उगवणाऱ्या खोकलीच्या मुळांमागेही मांजरं तशीच वेडी होतात, आणि ती फुकट!

खांब कोपऱ्यात नको. झोपायच्या जागेशेजारी किंवा त्या खुर्चीला खेटून ठेवा. पंजे धरून जबरदस्तीने घासायला लावू नका, मांजर त्या जागेलाच बुजतं.

पाचपैकी अडीच. पाच-सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला घ्या. मोठ्या मांजरासाठी त्याच पैशांत सुताराकडून तीन फुटी ओंडका, रुंद बैठकीसकट.