अभ्यास शून्य, बाकी भारी! कोथरूडच्या प्लेग्रुपचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मूल तीन वर्षांचं झालं की लगेच एबीसीडी गिरवायला पाहिजे, रोज होमवर्क पाहिजे असं असेल तर इथे फिरकूच नका, उगाच फी भराल आणि वर ताईंचं डोकं खाल. इथे वही नाही, पेन्सिल नाही, टीव्हीवरच्या राइम्स नाहीत. बंगल्याचा तळमजला, पुढे अंगण, वाळूचा हौद, जुन्या ओढण्या-टोप्यांची एक पेटी आणि कोपऱ्यात भातुकली, तीपण तुळशीबागेतली पितळेची, प्लॅस्टिकचा किचन सेट नाही. बस.

मग पैसे कशाचे देतो, असं आमच्या घरातपण झालंच. मला त्याचं उत्तर एका भांडणात मिळालं. लेकीला न्यायला जरा लवकर गेले तर कढईवरून तिची आणि एका मुलाची जुंपलेली, त्याने ओढली, हिने कचकन चावलं. मला वाटलं आता नेहमीचं, सॉरी म्हण, शेकहँड कर, विषय संपला. ताईंनी आधी त्याचा हात धुतला, मग दोघांच्या मधे फतकल मारून बसल्या आणि हिला म्हणाल्या, "तुझा भात शिजत होता आणि त्याने कढई घेतली, राग आला ना? राग आला तर ओरड, पाय आपट, पण चावायचं नाही, त्याला दुखतं." आवाज अजिबात चढवला नाही. मग दोघांनाच विचारलं, आता काय करायचं? बराच वेळ कोणीच काही बोलेना, ताईपण गप्प. शेवटी तो म्हणाला मी पाहुणा होतो, आणि बसला की मांडी घालून जेवायला! सॉरी कोणी म्हणालंच नाही.

नंतर ताई म्हणाल्या की रागाला आवर घालणारा मेंदूचा भाग पार पंचविशीपर्यंत घडत असतो, तीन वर्षांच्या पोराला शहाण्यासारखं वाग म्हणून काय होणार, आधी मोठ्या माणसाने शांत व्हायचं, मग त्याला काय वाटतंय ते शब्दात सांगायचं. आता आमच्या बाईसाहेब मॅच बघणाऱ्या आजोबांना विचारतात, "आबा, तुम्हाला राग आलाय का?" आणि आबांना खरंच आलेला असतो.

सुरुवातीला आईबाबांना आत बसू देतात हे मला फार आवडलं. फक्त एक नियम, मूल खेळात रमलं म्हणून गुपचूप सटकायचं नाही, सांगून, टाटा करून जायचं, रडलं तरी चालेल. नाहीतर ते दिवसभर दाराकडे बघत बसतं.

लिहायला कधी शिकवणार हे पालक मीटिंगला कोणीतरी विचारतंच. ताईंचं उत्तर ठरलेलं, या वयात मनगटाची हाडंसुद्धा पूर्ण तयार नसतात, म्हणून आधी कणीक मळणं, कागद फाडणं, दोरीला कपड्यांचे चिमटे लावणं, चवळी-राजमा निवडणं, बोटांत ताकद आली की पेन्सिल. पटतं. आणि हे काही परदेशी फॅडपण नाही हं, सासूबाई बालवाडीवर होत्या, त्या म्हणतात बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून पालघरकडच्या बोर्डीला, पुढे कोसबाडला आसपासच्या बिया, पानं, शिंपले घेऊन हेच केलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातपण ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि खेळातून शिकवा म्हटलंय, तरी चिमुरड्यांचे इंटरव्ह्यू घेणारे आहेतच.

आता तक्रारी. पार्किंगची बोंब आहे, गल्ली अरुंद, नऊ वाजता सगळ्या ॲक्टिव्हा एकात एक अडकतात. पावसाळ्यात अंगणात चिखल, वर शेड नाही, मग सगळी पोरं एका हॉलमध्ये आणि आवाज विचारू नका. एक ताई रजेवर गेली की दोन बॅच एकत्र करतात, हे मला अजिबात चालत नाही, कारण लहान बॅचची मुलं अजून एकमेकांशी खेळत नाहीत, शेजारी बसून आपापलं खेळतात, मोठी आली की बिचारी कोपऱ्यात जातात. सांगितलंय, बघू. फी एकरकमी घेतात आणि गॅदरिंग नसतं, त्यामुळे आजीआजोबा नाराज.

चार स्टार. फोन सहसा उचलत नाहीत, ॲडमिशनचं विचारायचं असेल तर मुलं गेल्यावर साडेबाराच्या पुढे सरळ जाऊन भेटा, आणि मुलाला घेऊन जाणार असाल तर कपडे मळतील असे घाला.