पार्किंग लॉक: लोखंड चांगलंय, पण विकत घेण्याआधी फ्लॅटचं ॲग्रीमेंट काढून बघा

तीन स्टार देतेय, त्यातले अडीच नुसत्या लोखंडाचे. ऑनलाईन मिळतं ते पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं घडीचं पार्किंग लॉक, म्हणजे आपल्या जागेत दुसऱ्याची गाडी लागू नये म्हणून जमिनीवर ठोकायचा लोखंडी अडसर, बाराशेच्या आसपास पडलं, सोबत चार फास्टनर (जमिनीत बसवायचे बोल्ट) आणि दोन किल्ल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तेच एक मॉडेल चार-पाच नावांनी विकायलेत, फोटो पण तोच, खाली किंमत तेवढी वेगळी.

आमची बिल्डिंग संभाजीनगरला सातारा-देवळाई साईडला. खाली स्टिल्ट, म्हणजे बिल्डिंगीखाली खांबांमधली पार्किंगची जागा, बाजूला पेव्हर ब्लॉकची उघडी जागा, आणि गाड्या फ्लॅटपेक्षा जास्त कारण प्रत्येक घरात एक गाडी साहेबांची एक पोराची. तिसऱ्या मजल्यावरचे काका माणूस लाखमोलाचा, हुरड्याच्या दिवसात गावाकडून आलेला हुरडा आधी आमच्याकडं पाठवणार, पण त्यांचा मुलगा शनिवारी पुण्याहून आला की त्याची ती एवढी मोठी गाडी नेमकी माझ्याच जागेत. बोलायला गेलं तर "अगं ताई, तू आलीस की खालून हाक मार ना, लगेच काढायला लावतो त्याला." आता वाळूजच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला आल्यावर मी खाली उभी राहून हाका मारायच्या का? आणि आधी लोक जागा कशी धरायचे तर कुंडी, विटा, फुटका ड्रम, एकानं तर बंद पडलेली लुना दोन वर्षं उभी केलेली. त्यापेक्षा लॉक बरं असं वाटून घेतलं.

आता वस्तूबद्दल. पाईप जाड आहे, पावडर कोटिंग एक उन्हाळा निघाला तरी उडालं नाही, म्हणजे एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. आडवं पाडलं की तीन बोटं उंची राहते, हॅचबॅक आरामात वरून जाते. पण सोबत आलेले फास्टनर एकदम फालतू, मिस्त्रीनं हातात घेतले आणि हसला, म्हणे वहिनी हे कॅलेंडर टांगायला ठेवा. हार्डवेअरच्या दुकानातून १२ एमएमचे घ्यावे लागले. आणि हे फक्त काँक्रीटवरच बसवा बरं का. बी विंगमधल्या एकांनी पेव्हर ब्लॉकवर ठोकलं, खाली नुसती वाळू आणि त्याच्याखाली आपली काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, दिवाळीपर्यंत लॉक ब्लॉकसकट हातात आलं. पेव्हरवरच बसवायचं असेल तर चार ब्लॉक काढून फूटभर खोल काँक्रीट भरा, मग त्यात बोल्ट.

किल्लीचं भोक वरच्या बाजूला ठेवलंय, डिझाईन करणारा बहुतेक कधी मराठवाड्यात आलेला नसावा. वावटळ आली की आत माती, पहिला पाऊस पडला की त्याचा चिखल, मग किल्ली फिरत नाही. शिलाई मशीनचं तेल टाकलं तर अजूनच माती धरते, त्यापेक्षा पेन्सिलीच्या शिशाची पूड टाका, ते चालतं. अर्धा स्टार इथं गेला. बाकीचा त्रास म्हणजे रोज गाडीतून उतरा, वाका, उघडा, पाडा, परत बसा, आणि पावसात छत्री कोणत्या हातात धरायची ते तुमचं तुम्ही बघा. दुचाकीवाल्यांना तर काहीच फरक पडत नाही, लॉकच्या बाजूनं घुसवून बरोबर मधोमध स्टँडवर लावतात.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो बॉक्सवर कुठंच लिहिलेला नाही. लॉक लावल्यानं जागा तुमची होत नाही. आमच्याकडं लॉक बसवल्याबसवल्या चेअरमनची नोटीस आली, कॉमन जागेत परवानगीशिवाय फिक्स्चर लावू नये. मी भांडायच्या तयारीत होते पण आधी कागद काढले. माझी जागा स्टिल्टमध्ये, सोसायटीनं लेखी अलॉट केलेली, नंबरसकट, म्हणून परवानगीचा अर्ज दिला आणि मिटिंगमध्ये मंजूर झाला. बी विंगवाल्यांचं तसं नाही, त्यांना बिल्डरनं उघडी जागा दीड लाखाला "विकली", साध्या कागदावर पावती. ती पावती फ्रेम करून ठेवा म्हणलं तरी चालेल. स्टिल्ट किंवा उघडी पार्किंग बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी काढून विकता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय, नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी ही ती मुंबईची केस. रेरा म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, त्यात तर उघडं पार्किंग सरळ कॉमन एरियात मोजलंय, आणि महारेरानं, म्हणजे त्याच कायद्याखालच्या आपल्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२१ ला परत परिपत्रक काढलं की ते विकू नका. कव्हर्ड पार्किंग घेताय तर त्याचा नंबर, लांबी-रुंदी ॲग्रीमेंटमध्येच लिहून घ्या.

सोसायटी रजिस्टर असेल तर पार्किंग वाटायचा अधिकार सोसायटीचा. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, सरळ आहे, जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटायचं, आणि ज्याच्याकडं गाडीच नाही त्यानं जागा अडवून ठेवायची नाही. हे वाचून दाखवल्यावर लुनावाल्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आपल्याकडं बऱ्याच बिल्डिंगी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, तिथं डीड ऑफ डिक्लरेशन मागून घ्या, कोणती जागा सगळ्यांची आणि कोणती ठराविक फ्लॅटवाल्यांसाठी राखीव ते त्यात असतं. पोलीस स्टेशनला गेलात तर "हे दिवाणी मॅटर आहे, आपसात मिटवा" एवढंच ऐकायला मिळेल. आणि रो हाऊसवाले जे गेटच्या बाहेर रोडवर हे ठोकायलेत त्यांच्यासाठी, रोड महानगरपालिकेचा असेल तर ते अतिक्रमण आहे, घरासमोर आहे म्हणून तुमचं होत नाही.

अजून एक, जागा बघून बसवा म्हणजे काय तर पाण्याचा हौद कुठंय ते बघा. आपल्या शहरात नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते सगळ्यांना माहितीये, टँकर आला की पाईप ओढायला वाट लागते. एका घरचं लॉक नेमकं हौदाच्या झाकणापुढं होतं, घरात कुणी नाही, किल्ली नाही, टँकरवाला बाहेर हॉर्न वाजवायलाय, वरून सगळ्या बाया गॅलरीतून ओरडायल्यात. त्या दिवशी ठराव झाला की प्रत्येक लॉकची दुसरी किल्ली वॉचमनकडं.

काकांचं विचाराल तर लॉक लागल्यावर चार दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच येऊन विचारलं की कुठून मागवलं. आता त्यांचं पण आहे, माझ्या शेजारीच, आणि पोराची गाडी शनिवारी गेटबाहेर उभी असते.

घ्यायचंच असेल तर पावसाळा संपल्यावर बसवा, फास्टनर १२ चेच, आणि चौकोनी कुलूपवालं मॉडेल दिसलं तर ते बघा, त्याला वरून झाकण आहे म्हणतात.