लेकाच्या अ‍ॅलर्जीसाठी परदेशातलं बालरुग्णालय: चार तारे, पाचवा फोनवर ताटकळत ठेवल्याबद्दल कापला

परदेशात घर, शाळा, बँक सगळं मार्गी लागलं. दमवलं ते पोराच्या अ‍ॅलर्जीसाठी नेमकं कुणाकडे जायचं या शोधाने. शेवटी ज्या बालरुग्णालयाच्या अ‍ॅलर्जी विभागात आम्ही टिकलो, त्याबद्दल लिहिते आहे. नाव देत नाही. लेकाची माहिती त्या नावासोबत फिरायला नको, आणि वाचणारे बहुतेक दुसऱ्याच देशात असणार. काय मागायचं आणि काय नाकारायचं हे कळलं तरी काम होईल.

वय पाच वर्षं. काजू खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, पाठोपाठ उलट्या. त्यानंतर गाठलेल्या पहिल्या डॉक्टरांनी रक्ततपासणीचं भलंमोठं पॅकेज केलं आणि जे जे पॉझिटिव्ह आलं ते ते बंद करायला सांगितलं. शेंगदाणे, अंडं, गहूसुद्धा. अंडं आणि गहू तर तो आनंदाने खात होता! दुसरीकडे एक खासगी लॅब शंभरावर पदार्थांची आयजीजी (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) तपासणी गळ्यात मारू पाहत होती. ती घेऊ नका. आयजीजी सापडलं म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली आहे, इतकंच. युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी ती करू नका असंच सांगतात.

या रुग्णालयात थेट वेळ मिळत नाही. फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि मग प्रतीक्षा यादीत पडून राहायचं. मात्र आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सगळी हकिकत ऐकून अ‍ॅड्रेनलिनचं पेन, म्हणजे अ‍ॅलर्जीचा गंभीर झटका आला तर घरच्यांनीच टोचायचं तयार इंजेक्शन, त्याच दिवशी लिहून दिलं. तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत थांबायचं असेल तर हे विचारून घ्याच.

पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी आधी नुसते प्रश्न विचारले. किती खाल्लं, किती मिनिटांनी झालं, आधी खेळत होता का, ताप होता का, किती वेळात उतरलं. फोनमधले फोटो बघितले. दुभाषी फोनवर फुकट मिळतो, पण वेळ ठरवतानाच सांगावं लागतं. मराठीचा नव्हता, हिंदीवर भागवलं. जुने कागद इंग्रजीत नेले होते, औषधांची ब्रँडची नव्हे तर मूळ नावं लिहून, त्यामुळे तिथे अडलं नाही.

मग त्वचेची प्रिक टेस्ट. त्याआधी काही दिवस सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीची औषधं बंद ठेवावी लागतात, नाहीतर निकाल खोटा येतो. हातावर संशयित पदार्थांचे थेंब, वर हलकी टोचणी आणि पंधरा मिनिटं खाजवायचं नाही, हे पाच वर्षांच्या मुलाला समजावण्याची जबाबदारी अर्थातच आईची. ३ मिलिमीटर किंवा जास्त फुगवटा आला की पॉझिटिव्ह. पण बाई लगेच म्हणाल्या, पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी असं नाही. जे खाऊन त्याला काही होत नाही ते खाऊ द्या. गहू आणि अंडं तिथल्या तिथे सुटले. काजू पक्का निघाला, आणि काजूचा सख्खा भाऊ म्हणून पिस्ताही बंद. बदाम, अक्रोड मोकळे.

शेंगदाण्याचा निकाल अधांतरी होता, म्हणून फूड चॅलेंज. पाच तारे द्यायचे तर या एका दिवसाला देईन. वॉर्डात खाट, शेजारी औषधं तयार, आधी कणभर शेंगदाणा, मग थोड्या थोड्या वेळाने वाढवत वाढवत पूर्ण वाटा. प्रत्येक वेळी नर्स अंग तपासायची. शेवटच्या घासानंतरही काही तास सोडलं नाही. काही झालं नाही. वर सूचना अशी, की आता शेंगदाणा नियमित देत राहा, मध्येच सोडून देऊ नका. अनेक महिने उगाच बंद ठेवलेला पदार्थ अशा देखरेखीखाली परत मिळाला. हे घरी करून बघायचं काम नाही, सांगून ठेवते.

पेनचं शिक्षणही नीट दिलं. सुई नसलेलं सरावाचं पेन हातात देऊन आम्हा दोघांकडून करून घेतलं: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनसुद्धा चालतं, मग रुग्णवाहिका, मुलाला आडवं ठेवायचं, पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरं पेन. म्हणून कायम दोन जवळ. देश बदलला की पेन बदलतं हे इथे कळलं. एपिपेनचं झाकण निळं, सुईची बाजू नारिंगी, ३ सेकंद धरायचं. जेक्स्ट या दुसऱ्या ब्रँडचं झाकण पिवळं, टोक काळं, १० सेकंद. घाईत हे आठवायला आधी हाताला सवय हवी. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, तापलेल्या गाडीतही नाही. विमानात हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या पत्रासकट.

आहारतज्ज्ञांची भेट मात्र घाईची झाली. त्यातलं कामाचं एवढंच, की लेबलचे नियम देशागणिक बदलतात. युरोपीय संघात १४ अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठळक दाखवावे लागतात, त्यात मोहरी आणि सेलरीही. अमेरिकेच्या यादीत ९, त्यात तीळ २०२३ पासून. आणि 'अंश असू शकतो' ही ओळ छापणं बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे, म्हणजे ती नसली तरी निर्धास्त होता येत नाही.

तक्रारी आहेतच. फोनवर संगीत ऐकून कान किटले. रिपोर्ट फक्त स्थानिक भाषेत आला. इंग्रजी प्रत मागितल्यावर मिळाली, पण मागावी लागली. शाळेसाठीचा आणीबाणीचा कागद मात्र चांगला आहे, एका पानाचा, फोटोसकट. वर्गशिक्षिकेने तो कपाटाच्या आत नाही, दारावर लावला, हे बरं झालं.

पेनची मुदत संपत आल्याची आठवण रुग्णालय करून देत नाही. तारीख फोनमध्ये लावली आहे, महिनाभर आधीची, कारण नव्या चिठ्ठीसाठी पुन्हा तेच संगीत ऐकावं लागणार.