अकरा महिन्यांनंतरचे गेट आणि एका मिलिमीटरचा हिशेब

आमच्या मापाने घडवून घेतलेले लोखंडी गेट बसवून आता अकरा महिने झाले. हा अनुभव पहिल्याच आठवड्यात लिहिला असता, तर नक्षी आणि रंग यांचे कौतुक करून मी थांबलो असतो. आज नजर जाते ती दोन झडपा मधोमध जिथे एकमेकींना भेटतात त्या फटीकडे, कारण गेटची तब्येत तिथेच कळते.

मोकळी जागा 3.6 मीटरची असल्यामुळे जवळपास 1.8 मीटर रुंद आणि दीड मीटर उंच अशा दोन झडपा केल्या. बाहेरची चौकट 50 बाय 50 मिमीच्या चौकोनी पाइपची, आतले उभे पाइप 25 मिमीचे आणि खालच्या अर्ध्या भागाला 1.6 मिमीचा पत्रा. पहिल्या अंदाजपत्रकात चौकटीसमोर नुसते ‘दोन इंची पाइप’ एवढेच लिहिलेले होते. मी आग्रहाने 2.5 मिमी ही जाडी लिहून घेतली आणि माल आल्यावर कापलेल्या तोंडाला व्हर्नियर लावून ती तपासली. रंग चढल्यावर 1.6 मिमीचा पाइप आणि 2.5 मिमीचा पाइप यांत डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, त्यामुळे ही तपासणी नंतर करता येत नाही.

एका झडपेचे वजन साधारण 70 किलो भरले. हे वजन बिजागऱ्यांवर नुसते टेकत नाही, तर ते खांबाला ओढते. झडपेचे वजन मध्यावर, म्हणजे खांबापासून 0.9 मीटरवर आहे आणि दोन बिजागऱ्यांत 1.1 मीटर अंतर आहे, असे धरले, तर वरच्या बिजागरीवर बाहेरच्या दिशेने सुमारे 57 किलोची ओढ बसते आणि खालची तेवढ्याच जोराने खांबावर दाबली जाते. बिजागऱ्या दिसायला बऱ्या वाटतात म्हणून जवळ घेतल्या, तर ही ओढ वाढते; 0.7 मीटर अंतराला ती 90 किलोपर्यंत जाते. त्यामुळे बिजागऱ्या शक्य तितक्या वर आणि शक्य तितक्या खाली लावून घेतल्या, हा निर्णय योग्य ठरला. बेअरिंगच्या बिजागऱ्या ग्रीस भरण्याच्या सोयीसह घेतल्या होत्या. आजही त्या एका बोटाने ढकलल्या तरी आवाज न करता फिरतात.

तरीही चौथ्या महिन्यात उजवी झडप टोकाला 9 मिमी खाली आली आणि कडी कोयंड्यात जाईना. गेट बनवणाऱ्यांना बोलावले, तर त्यांनी दोन मिनिटांत ग्राइंडर काढला, कोयंड्याचे भोक खालच्या बाजूने वाढवले आणि काम झाले असे सांगून ते निघून गेले. कडी लागू लागली खरी, पण झडप उतरण्याचे कारण जागच्या जागीच राहिले. मला राग आला तो याच गोष्टीचा.

मग मी स्वतःच खांबाला ओळंबा सोडला. दोन मीटर उंचीत खांब झडपेच्या बाजूला बरोबर 10 मिमी झुकलेला निघाला. म्हणजे झडप चौकटीत वाकलेली नव्हती. खांब जितका कलला, तितकीच ती सरळ खाली आली होती. खांबाच्या बुडाशी सिमेंटची सुबक कड काढलेली होती. ती फोडून पाहिली, तेव्हा खांबाची प्लेट चार बोल्टांच्या खालच्या नटांवर अधांतरी उभी असल्याचे दिसले. प्लेट समतल करण्यासाठी लावलेल्या त्या नटांनंतर खालची पोकळी ग्राउटने, म्हणजे पोकळी भरण्याच्या सिमेंटच्या मसाल्याने, ठासून भरायची असते; ती तशीच सोडून वरून फक्त प्लास्टर केले होते. बोल्टांमधले अंतर 200 मिमी. त्यांतला एका बाजूचा बोल्ट अवघा एक मिलिमीटर दबला, तर दोन मीटर उंचीवर त्याचे 10 मिमी होतात आणि झडपेच्या टोकाला 9.

दुरुस्ती दुसऱ्या कारागिराकडून करून घेतली. झडप उतरवली, नट फिरवून खांब पुन्हा ओळंब्यात आणला, पोकळीत न आकसणारे ग्राउट भरले आणि ते पुरेसे मुरेपर्यंत आठवडाभर झडप टांगू दिली नाही. त्यानंतर सात महिन्यांत फट हललेली नाही. डाव्या खांबाचीही कड फोडून पाहिली. तिथे मात्र ग्राउट भरलेले होते, म्हणजे काम माहीत नव्हते असे म्हणायलाही जागा उरली नाही.

गंजाची तक्रार वेगळी आहे. सातव्या महिन्यात पत्रा आणि खालचा आडवा पाइप यांच्या सांध्यातून तपकिरी ओघळ उतरू लागले. पत्रा सलग वेल्ड न करता दर 15 सेंटीमीटरवर टाके मारून जोडलेला असल्यामुळे मधल्या बारीक फटीत पाणी धरले जाते आणि तिथे रंगाचा ब्रश पोहोचतच नाही. आता तो भाग तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर लावून सीलंटने बंद केला आहे. आडव्या पाइपला खालून पाणी निघण्याची भोके मात्र सुरुवातीपासून ठेवली होती आणि त्यांतून काडी घालून पाहिली तर ती कोरडी निघते. पुन्हा गेट करायचे झाले, तर मी पत्र्याचा नाद सोडेन. वजनही कमी होईल आणि वाऱ्याचा दाबही.

जमिनीत जाणाऱ्या उभ्या कडीची नळी दर पंधरवड्याला मातीने भरते आणि ती मला चमच्याने उकरावी लागते. नळीला खालून बूड नसते तर माती आपोआप खाली गेली असती. तेवढे एक काम अजून राहिले आहे.