ट्रक ओढेल म्हणाले, पेलेल का ते लपवलं

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी ह्यूस्टनच्या उत्तरेला एका डीलरकडून मी फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअप ट्रकला जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेतलं. सगळं धरून ५८,७९५ डॉलर २५ सेंट. आज ते घरापासून अकरा मैलांवर, महिना ९५ डॉलर भाड्याच्या जागेत नुसतं उभं आहे. माझा ट्रक ते ओढू शकतो, पण पेलू शकत नाही. या दोन शब्दांतला फरक त्या सेल्समनला पक्का माहीत होता, आणि त्याने तो माझ्यापासून जाणूनबुजून लपवला. डीलरचं नाव लिहीत नाही, कारण नोटीस गेलेली आहे आणि वकिलाने नाव घेऊ नका म्हणून बजावलंय. पण इथल्या आपल्या ओळखीतली चार घरं तरी ट्रेलर घ्यायच्या विचारात आहेत. म्हणून लाज गिळून लिहितोय.

आम्ही गेलो होतो ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायला, म्हणजे ट्रकच्या मागे अडकवायचं तसलंच साधं घर. आई-बाबा कराडजवळच्या गावाहून सहा महिन्यांसाठी येणार होते. त्यांना पश्चिम टेक्सासमधलं बिग बेंड राष्ट्रीय उद्यान दाखवायचं, पण बाबांना रोज बाहेरचं खाणं सोसत नाही, म्हणून स्वतःचा ओटा आणि स्वतःचा संडास बरोबर असलेला बरा, एवढा साधा हिशेब होता. दोन महिने वाचून, बघून एक २७ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर ठरवला होता. किंमत ३१,५०० डॉलर, सामानासकट जास्तीत जास्त वजन ७,००० पौंड. आमचा पिकअप ट्रक हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला, साडेपाच फुटी हौद्याचा. बसत होतं. काठावर, पण बसत होतं.

सेल्समनने पहिली पंधरा मिनिटं तो ट्रेलर दाखवला. मग खिशातून फोन काढून एक व्हिडिओ लावला. हायवेवर ट्रॅव्हल ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हलायला लागतो, आणि पाच सेकंदांत ट्रकला घेऊन आडवा होतो. माझ्या बायकोचा चेहरा उतरला. तो लगेच म्हणाला, "म्हातारे आईवडील आणि दोन मुलं बरोबर असणार, तर मी तुम्हाला हे विकणारच नाही. तुम्ही फिफ्थ व्हील बघा."

फिफ्थ व्हील रस्त्यावर जास्त स्थिर असतं हे खरं आहे. ट्रॅव्हल ट्रेलर ट्रकच्या मागे, बंपरखालच्या गोळ्याला अडकतो. फिफ्थ व्हीलची किंगपिन, म्हणजे जोडायची खुंटी, ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळजवळ वर बसते. त्यामुळे ते कमी डुलतं, वळतंही चांगलं. त्याने मला खोटं सांगून फिफ्थ व्हीलकडे नेलं नाही, खरं सांगून नेलं, आणि त्या खऱ्याची किंमत तेवढी सांगितली नाही. ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो. फिफ्थ व्हीलचा १५ ते २५ टक्के. हा भार तुमच्या ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर जेवढं वजन पेलू शकतो त्यातून, जातो. त्याच पेलोडमधून तुम्ही, बायको, मुलं, हौद्यातलं सामान आणि ती जड हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, सगळं वजा व्हायचं असतं.

आता तो क्षण. रोज रात्री तो डोळ्यासमोर येतो.

आम्ही आमच्या ट्रकपाशी उभे होतो. ड्रायव्हरचं दार उघडं होतं. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेच्या आकड्यांचं जे पिवळं-पांढरं स्टिकर असतं, ते बायकोने वाकून वाचलं. मोठ्याने वाचलं : माणसं आणि सामान मिळून वजन १,४६२ पौंडांच्या वर जाता कामा नये. तिने विचारलं, "मग या ट्रेलरचं पुढचं वजन कशात धरायचं?" सेल्समनने दारावर तळहात ठेवला आणि दार हळूच लावून टाकलं. म्हणाला, "ते आत बसणाऱ्यांसाठी. ओढण्यासाठी वेगळा आकडा असतो. तुमचा ११,३०० आहे, हे फिफ्थ व्हील भरून १०,९५० च्या वर जात नाही. साडेतीनशे पौंड शिल्लक."

आणि मी, मेकॅनिकल इंजिनिअर, तिला म्हणालो, "अगं, त्यांचं रोजचं काम आहे ते."

ती गप्प बसली. त्या एका वाक्याचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं पैशाचंही वाटत नाही. प्रश्न बरोबर होता, आकडा समोर होता, आणि जो माणूस आकडा दिसू नये म्हणून दार लावतो त्याच्यावर मी विश्वास ठेवला.

माझी बाजूही ऐका. ट्रेलरच्या नाकावर कारखान्यातून आलेलंच "हाफ-टन ट्रकसाठी" असं मोठं चित्र होतं. माहितीपत्रकात पिनचं वजन, म्हणजे किंगपिनमधून ट्रकवर येणारा भार, १,५१० पौंड दिलं होतं, पण ते रिकाम्या ट्रेलरचं. त्यात डीलरने बसवलेल्या बॅटऱ्या नाहीत, पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत. एक गॅलन पाणी ८.३ पौंड भरतं, ५० गॅलनची टाकी भरली की चारशेच्या वर गेलं. ट्रेलरचं स्वतःचं वजनाचं स्टिकर दाराशेजारी असतं, आणि डीलरने किमतीचं भलंमोठं कार्ड नेमकं त्याच्यावर चिकटवलेलं होतं. हे मी घरी आल्यावर ते कार्ड सोलताना पाहिलं. कुणी म्हणेल योगायोग. मी त्यानंतर पुन्हा त्या यार्डाच्या कुंपणापाशी जाऊन रांगेतले सहा ट्रेलर पाहिले. सहाच्या सहांवर कार्ड तिथंच.

सह्या करायला फायनान्सच्या खोलीत बसवलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. मुलं भुकेने रडकुंडीला आलेली. तिथे एकूण रक्कम कुणी बोलतच नाही, फक्त महिन्याचा हप्ता. म्हणून मी इथे पूर्ण लिहितो. ट्रेलर ४६,९००. टेक्सासचा सव्वासहा टक्के कर २,९३१ डॉलर २५ सेंट. "तयारी आणि तपासणी" १,८९५. कागदपत्रं २२५. सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट ३,७९५. टायर-संरक्षण ८९९. आखूड हौद्यासाठी सरकणारी हिच, बसवून २,१५०. त्यातले ९,००० रोख भरले, बाकीवर ८.९९ टक्के व्याज, १८० हप्ते, दर हप्ता ५०४ डॉलर ७६ सेंट. पंधरा वर्षांचे हप्ते होतात ९०,८५६ डॉलर ८० सेंट. हा शेवटचा आकडा सही करण्याआधी स्वतः गुणाकार करून काढा आणि कागदावर लिहून समोर ठेवा.

आणि त्या गठ्ठ्यात अकरावा कागद होता. ट्रक योग्य आहे की नाही ही सर्वस्वी ग्राहकाची जबाबदारी, आणि विक्रेत्याने तोंडी काहीही सांगितलेलं नाही, असं त्यात लिहिलेलं. "हे सगळ्यांनाच करावं लागतं," म्हणाला. मी सही केली. दारापाशी अर्धा तास जे बोलला ते सगळं त्या एका सहीने पुसलं गेलं.

पहिली सहल आय-१० हायवेवरून पश्चिमेला. केटी गाव सुटेपर्यंतच कळलं की काहीतरी चुकतंय. ट्रकचं बूड बसलेलं, नाक वर. स्टिअरिंग हातात हलकं, पुढची चाकं रस्ता धरतच नाहीत असं. भरदिवसा समोरून येणारे ट्रकवाले दिवे मारत होते, कारण आमचे दिवे थेट त्यांच्या डोळ्यांत जात होते. एका पुलाच्या सांध्यावर मागून असा दणका बसला की धाकटीच्या हातातला डबा खाली पडला. कोलंबस गावाच्या अलीकडे एका ट्रकस्टॉपवर थांबलो. एक वयस्कर ट्रकचालक आपणहून आला, मागच्या टायरला हात लावून बघितला आणि म्हणाला, काट्यावर घाल. काट्याचे १४ डॉलर ७५ सेंट. ट्रकच्या मागच्या आसाची मर्यादा ३,९५० पौंड, भरले ४,७८०. दुसऱ्या दिवशी नुसता ट्रक तोलून वजाबाकी केली तेव्हा पिनचं वजन निघालं २,०४० पौंड. १,४६२ मधून आम्ही चौघं ४८० आणि हिच १९० वजा केली की उरतात ७९२. म्हणजे साडेबाराशे पौंड जास्त. साडेपाचशे किलोंच्या वर! आणि अजून आई-बाबा बसायचेच होते.

बाबांना फोनवर सांगितलं. शाळा सातवीपर्यंत, आयुष्य शेतात गेलेलं. त्यांना एक मिनिट लागलं. म्हणाले, "अरे, म्हणजे गाडी धुरजड झाली की. ऊस भरताना बोजा मागं गेला तर गाडी उलाळ होते, पुढं आला तर बैलाच्या मानेवर येतो. बैल ओढतोय किती ते नंतर, मानेवर किती आलं ते आधी बघायचं." ट्रॅव्हल ट्रेलर डुलतो तो पुढे पुरेसा भार नसला की, म्हणजे उलाळ. फिफ्थ व्हील ट्रक बसवतं ते धुरजड. व्हिडिओ दाखवून ज्या धोक्याची भीती घातली तो धोका सामान नीट लावून आणि वजन वाटून देणारी हिच बसवून पुष्कळ आटोक्यात येतो. ज्या धोक्यात मला ढकललं त्यावर उपाय एकच, मोठा ट्रक.

तो उपायही त्याच्याकडे तयार होताच. मी तक्रार करायला गेलो तर चेहऱ्यावर आश्चर्य नाही, काही नाही. म्हणाला, ओळखीच्या एकाकडे वन-टन, म्हणजे जड वर्गातला, ट्रक आहे, ६१,००० ला करून देतो. ट्रेलर परत घ्या म्हटलं तर ३३,००० देऊ केले. सोळा दिवसांपूर्वी ४६,९०० ला विकलेली वस्तू, एकदाच बाहेर काढलेली.

तीन दिवसांत परत करता येतं असं मला वाटत होतं. चूक. तो नियम घरी येऊन विकणाऱ्यांसाठी आहे. दुकानात जाऊन घेतलेल्या गाडीला लागत नाही.

यानंतर चार महिने मी दारं ठोठावली. शेरीफच्या ऑफिसातल्या माणसाने कागद हातात घेतलेसुद्धा नाहीत, हा दिवाणी मामला म्हणाला. डीलरांना परवाना देणाऱ्या खात्याकडे अर्ज, फोटो, काट्याच्या पावत्या पाठवल्या. ४७ दिवसांनी उत्तर आलं, चार ओळींचं : वाहन योग्य आहे की नाही हा आमच्या कक्षेतला विषय नाही. अरे, मग तुमचा परवाना त्याच्या भिंतीवर काचेत लावलेला आहे तो कशासाठी? तो बघूनच माणूस आत शिरतो! ग्राहक तक्रारींच्या कार्यालयाने काय केलं, तर माझं पत्र डीलरला पाठवलं, डीलरने अकराव्या कागदाची प्रत पाठवली, आणि यांनी ती मला पाठवून फाइल बंद केली. टपाल खात्याचं काम. ट्रेलर बनवणाऱ्या इंडियानातल्या कंपनीने डीलरशी बोला म्हणून सांगितलं. बँक म्हणाली, वापरा नाहीतर नका वापरू, हप्ता एक तारखेला. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकलं, तुम्ही सही केली आहे. उद्या त्या ट्रकचा मागचा टायर फुटून हायवेवर कुणी मेलं असतं तर हीच सगळी खाती अर्ध्या तासात हजर झाली असती, आणि गुन्हेगार मी ठरलो असतो. काट्याची पावती दाखवत आधी जाऊन सांगणाऱ्याला मात्र कुणी वाली नाही.

मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात एकाने चारचौघांत विचारलं, "काय, इंजिनिअर ना तुम्ही?" त्याला एवढंच सांगतो की त्याने स्वतःच्या दाराचं स्टिकर कधी वाचलं असेल तर आकडा सांगावा.

ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी पेलोडचा आकडा माहितीपत्रकातून घेऊ नये. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांचा वेगळा असतो, तुमच्या दारावरचा तोच तुमचा. पिनचं वजन रिकाम्या ट्रेलरचं धरू नका, पूर्ण भरलेल्या वजनाचे २० टक्के धरा. म्हातारी माणसं असतील तर फिफ्थ व्हीलच्या बेडरूमला आतून पायऱ्या चढाव्या लागतात हे लक्षात घ्या. आईच्या गुडघ्यांना त्या तीन पायऱ्या झेपल्याच नाहीत, ती खालच्या सोफ्यावर झोपेन म्हणाली. सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट रद्द करता येतं. मी केलं, ३,४१० डॉलर परत मिळाले, पण ते थेट कर्जात जमा होतात, हातात येत नाहीत. विक्रेता जे तोंडी सांगेल ते त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या, लिहीत नसेल तर उठा. आणि बायको काही वाचून दाखवत असेल तर तिला गप्प करू नका.

शेवटी साडेतीनशे डॉलर तासाच्या वकिलाशी एकच तास बोललो. त्याने दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. टेक्सासच्या ग्राहक फसवणूक कायद्याखाली दावा लावण्याआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि जस्टिस कोर्टात, म्हणजे लहान दाव्यांच्या कोर्टात, २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय स्वतः लढता येतो. नोटीस मीच लिहिली. त्यात काट्याच्या दोन्ही पावत्या, कार्ड सोललेल्या जागेचा फोटो, आणि बायकोचं सही केलेलं निवेदन जोडलं. दारापाशी तिने काय वाचलं आणि त्याने दार कसं लावलं, ते तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलंय. पोचपावतीचं हिरवं कार्ड परत आलं, त्यावर त्याच सेल्समनची सही आहे. साठ दिवस येत्या गुरुवारी पूर्ण होतात.