वी घ्यावा की किनेक्ट?

जुळे सोलापुरातल्या मावसबहिणीला पोरांसाठी अंग हलवून खेळायचं काहीतरी हवंय. टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल निन्टेंडो वी (2006) की एक्सबॉक्स 360 या कन्सोलसोबतचा कॅमेरा किनेक्ट (2010), यावर ती अडकलीय. दोन्ही आता सेकंडहँडच.

आधी जागा मोज म्हटलं. किनेक्ट अख्खं अंग बघतो; दोघं खेळणार तर टीव्हीपासून साधारण आठ फूट मागं सरकावं लागतं. तिच्या हॉलमधला दिवाण हलवल्याशिवाय ते जमणार नाही. वीला हातातला रिमोट पुरतो, आजीसुद्धा खुर्चीत बसून बोलिंग करते. त्याची टीव्हीजवळ ठेवायची सेन्सर पट्टी म्हणजे नुसते इन्फ्रारेड दिवे, रिमोट तेच बघतो. आमची बिघडली तेव्हा दोन मेणबत्त्या लावून भागवलं! पंखा मात्र बंद, तोही सोलापूरच्या मे महिन्यात.

वीचं चित्र 480 रेषांचं, धूसर. एचडीएमआय नाही, नव्या टीव्हीला कन्व्हर्टर लागतो. शिवाय प्रत्येक रिमोटला दोन सेल.

खेळांत वी स्पोर्ट्समधलं टेनिस कुणालाही लगेच जमतं. किनेक्टवर नाचाचे खेळ भारी, आणि 360चे हातातल्या बटणांच्या पॅडवरचे खेळ वेगळेच. वीचं ऑनलाइन दुकान 2019 मध्ये बंद झालं, 360चं 2024 मध्ये. म्हणून डिस्क किती मिळतात ते बघूनच पैसे द्यायचे.

लहान खोली आणि आजी-नातवंडं असतील तर वी. हॉल मोठा, पोरं नाचरी, तर किनेक्ट. बहिणीला मी वीच सांगितलाय.