मंडळीचं मासिक पत्रक: वर्ड, कॅनव्हा की स्क्रायबस?

चर्चचं मासिक पत्रक काढायचं ठरलं की कमिटीत पहिला वाद सॉफ्टवेअरवरून होतो. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: सहा महिन्यांनी हे काम कोण करणार? पहिला अंक हौसेने निघतो आणि दिसतोही छान. पुढे तो करणाऱ्याची परीक्षा येते, बदली होते, आणि फाइल ज्याच्या गळ्यात पडते त्याला ती उघडतसुद्धा नाही. म्हणून ही तुलना मुख्यतः त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूने केली आहे.

आधी एक नाव बाद करू. अनेक चर्चची पत्रकं वर्षानुवर्षं मायक्रोसॉफ्ट पब्लिशर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होत आली आहेत. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार ऑक्टोबर २०२६ मध्ये संपत असल्याचं जाहीर केलं आहे. जुने अंक त्यात असतील तर त्यांची पीडीएफ काढून ठेवा, पण नव्या कामाची सुरुवात त्यात नको.

वर्डला लोक नाकं मुरडतात, पण जवळजवळ प्रत्येकाला ते वापरता येतं आणि हा गुण लहान नाही. शीर्षकं आणि मजकूर यांच्या स्टाइल (अक्षरांचा ठरलेला आकार-प्रकार) एकदा नीट बसवल्या की दर महिन्याला नुसता मजकूर बदलायचा. पेज सेटअपमध्ये ‘बुक फोल्ड’ निवडलं की ए४ कागद मधोमध दुमडून होणाऱ्या ए५ पुस्तिकेची पानं ते आपोआप क्रमाने लावतं. मात्र पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. वर्डची खरी खोड फोटोंची. फोटो परिच्छेदाला बांधलेला असतो. वर सूचनेची एक ओळ वाढली की संडे स्कूलचा फोटो उडी मारून महिला संघाच्या अहवालात जाऊन बसतो. दोन कॉलमच्या टेबलमध्ये फोटो ठेवला की हा त्रास बराच कमी होतो.

कॅनव्हा हे इंटरनेटवर चालणारं डिझाइनचं साधन; त्याची बाजू अगदी उलट. फोटो ठेवला तिथेच राहतो, मुखपृष्ठ अर्ध्या तासात उठून दिसतं, आणि दोघं-तिघं आपापल्या घरून एकाच फाइलवर काम करू शकतात. पोस्टर, नाताळचं निमंत्रण, मोबाइलवर पाठवायचं एकपानी पत्रक यांसाठी मी डोळे झाकून कॅनव्हा सांगेन. अडतं ते लांब मजकुरापाशी. तिथला प्रत्येक मजकुराचा चौकोन सुटा असतो. पाळकांचा दोन पानी संदेश तीन चौकोनांत मांडला आणि त्यांनी ऐनवेळी एक परिच्छेद वाढवला, तर ओळी पुढच्या चौकोनात आपोआप सरकत नाहीत. तिन्ही हाताने कापून पुन्हा चिकटवावे लागतात. शिवाय छापखान्याने सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली फाइल मागितली तर ती सोय पैसे भरणाऱ्यांनाच आहे. आणि तयार नमुने इतके नटवे असतात की प्रार्थनेच्या विनंत्यांचं पान वाढदिवसाच्या कार्डासारखं दिसू लागतं. नमुना घ्या, पण त्यातली निम्मी फुलं-पानं पहिल्यांदा पुसा.

स्क्रायबस फुकट आहे आणि छपाईसाठीच बनलेलं आहे. एका चौकटीतला मजकूर दुसरीत वाहतो, सीएमवायके आहे, आणि पीडीएफ काढण्याआधी कुठला फोटो कमी रेझोल्यूशनचा आहे, कुठे मजकूर चौकटीबाहेर गेला आहे हे ते दाखवतं. देवनागरीसाठी १.६ किंवा त्यानंतरची आवृत्तीच घ्या; फार जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं तुटतात. अडचण शिकण्याची आहे. चिकाटीचा एक माणूस असेल तर अंक देखणा होईल, पण तो गेला की काम थांबेल. इनडिझाइन याहून सफाईदार आहे, पण वर्गणी भरावी लागते आणि देवनागरीसाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर ही अक्षरं जुळवणारी सोय चालू न केल्यास वेलांट्या भलत्या जागी जातात. मंडळीत कोणी हा व्यवसायच करत असेल तरच त्याचा विचार करा.

अंकाचं रूप मात्र सॉफ्टवेअरपेक्षा फोटो आणि रंगांवर जास्त ठरतं. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल असते. छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तो जेमतेम साडेतेरा सेंटीमीटर रुंद छापता येतो. सगळा गट छापायला तो पुरतो. त्यातून एक चेहरा कापून मोठा केला की धुरकट होतो. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. मुलांचे फोटो छापण्याआधी पालकांना विचारायला हवंच, आणि आजाऱ्यांची नावं असलेलं पान सगळीकडे फिरणाऱ्या पीडीएफमध्ये घालू नका.

रंगांसाठी उपासना-वर्ष हाताशी असतंच: आगमन आणि उपवास काळाला जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला लाल, मधल्या आठवड्यांना हिरवा. तुमची मंडळी हे रंग पाळत असेल तर शीर्षकपट्टीचा रंग तेवढा बदला, बाकी मांडणी तीच राहू द्या. पण अंक झेरॉक्सवर निघणार असेल तर गडद जांभळा आणि गडद हिरवा दोन्ही सारखेच करडे येतात, आणि गडद पट्टीवरच्या पांढऱ्या बारीक अक्षरांतले अनुस्वार भरून जाऊन ‘मंडळी’ची ‘मडळी’ होते. तिथे पांढऱ्यावर काळी अक्षरंच बरी. मजकूर १२ पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि मात्रा-उकारांना जागा मिळेल इतकं ओळींत अंतर ठेवा. सगळ्यात मन लावून वाचणारे बहुधा ज्येष्ठच असतात.

माझा कौल सांगायचा तर आठ पानांपर्यंतच्या छापील पत्रकाचा मजकूर वर्डमध्ये आणि मुखपृष्ठ कॅनव्हात करावं. मुख्यतः मोबाइलवरच वाचणारी मंडळी असेल तर सगळंच कॅनव्हात चालेल. वर्षातून एकदा जाड विशेषांक किंवा स्मरणिका काढायची असेल तेव्हा स्क्रायबसचा माणूस शोधावा. तरीही एकमत होत नसेल तर गेल्या महिन्याच्या सूचनांचं पान वर्ड आणि कॅनव्हा दोन्हींत लावा, ती फाइल कमिटीतल्या दुसऱ्याच कोणाला द्या आणि उपासनेची वेळ बदलून एक फोटो वाढवायला सांगा. फोन न करता ज्यात ते जमलं, ते घ्या.